पेवावरची भिंत

एकोणीसशे पंचावन्नच्या वैशाखात झरीच्या चावडीवर तहसील कचेरीचा कागद आला. आदल्या श्रावणात नऊ दिवसांची झड लागली होती आणि गावातली सतरा घरं बसली होती. तसं पुन्हा होऊ नये म्हणून पावसाळ्याआधी प्रत्येक जुन्या घराची पाहणी करायची, खराबी काय आणि मरम्मत काय ते तक्त्यात भरायचं, असा हुकूम होता. निजामाचं राज्य जाऊन सात वर्षं होत आली होती, पण कचेरीच्या तोंडात अजून ‘दुरुस्ती’ बसली नव्हती, मरम्मतच होती.

मी तेव्हा झरीच्या शाळेवर मास्तर होतो. उन्हाळ्याच्या सुटीत मास्तर मोकळाच, असा विचार करून तक्ता लिहिण्याचं काम माझ्या गळ्यात घातलं गेलं. परभणीहून दिनकरराव नावाचे ओव्हरसियर आले. तिशीतले, पुण्याकडचे, खाकी हाफपँट आणि डोक्यावर ऊन अडवणारी टोपी. माणूस सरळ होता, पण आमच्याकडची मातीची घरं पाहून त्यांना पहिल्या दिवशीच घाम फुटला. म्हणाले, “गावातला जुना गवंडी बोलवा.”

लिंबाजी गवंडी आला. त्याच्या मागं दोन पावलांवर पन्नाशीला टेकलेली एक बाई. काळी, काटक, नेसूचं लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं.

“या कोण?” दिनकररावांनी विचारलं.

“वैनी हायेत माझ्या. कडूबाई.”

“त्यांचं काय काम?”

लिंबाजीनं मुंडाशात बोट घालून डोकं खाजवलं. “साहेब, मला भिंत उभी करता येती. पर घराचं दुखनं वळखायचं मंजी वैनीच लागतेत. मला ते येत न्हाई. खोटं कशाला बोलू?”

दिनकरराव हसले. तक्त्यात लिंबाजीचं नाव घाला म्हणाले. मी घातलं. कडूबाई तिथंच उभी होती. चावडीची भिंत तळव्यानं चाचपून पाहत होती.

कडूबाई मूळची पिंगळीची. तिच्या आधीची चार भावंडं वर्षाच्या आत गेली, म्हणून आईनं हिचं नाव कडू ठेवलं. मरणानं तोंडात घेतलं तरी थुंकून टाकावं. बाप रेल्वेच्या रुळावर काम करायचा. झरीच्या मुंजाजी गवंड्याला तिला दिली तेव्हा ती दहा वर्षांची होती, आणि सासरी आल्यापासून तिनं डोक्यावर मातीची पाटी घेतली ती कधी उतरवलीच नाही.

मुंजाजीचा हात चांगला होता. पस्तिशीत असताना चुन्याची कळी पाण्यात विझवताना उकळता चुना त्याच्या डोळ्यांत उडाला. एक डोळा गेला, दुसऱ्यानं फक्त उजेड आणि सावली कळायची. दुसरा कुणी असता तर घरी बसला असता. मुंजाजी बायकोला घेऊन कामावर जाऊ लागला. तो खाली सावलीत बसायचा, ती शिडीवर चढायची आणि तो विचारायचा.

“तुळईच्या तोंडाशी बोट घाल. काय लागतंय? लाकूड का भुगा?”

“भुगा.”

“ओला का कोरडा?”

“कोरडा. गव्हाच्या पिठावानी.”

“मंजी उधई गेली खाऊन. ओला आसता तर पानी मुरलं म्हनलो आसतो. आता हातभर मागं सरक आन पुन्हा बोट घाल.”

अशी बारा वर्षं गेली. आंधळ्या माणसाला घर सांगता सांगता ती घर बघायला शिकली. तिनं मला हे सांगितलं तेव्हा एवढंच म्हणाली, “मास्तर, डोळं असलेल्या मानसाला सगळं दिसतं, म्हून त्याला सांगावं लागत न्हाई. मला सांगावं लागलं.” मुंजाजी पन्नास साली वारला. मूलबाळ नव्हतं. धाकटा दीर लिंबाजी आणि ती, दोघं मिळून काम करू लागली.

पाहणी सुरू झाली. सकाळी उन्हं चढायच्या आत निघायचं आणि बारापर्यंत जेवढी होतील तेवढी घरं बघायची. आमच्याकडची घरं तेव्हा बहुतेक माळवदाची. लाकडी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर आडवी लाकडं आणि काटक्या, आणि सगळ्यांत वर पांढऱ्या मातीचा थर. कडूबाई दारातून आत शिरायची ती सरळ माळवदावरच जायची. तिच्याकडे बाभळीची एक काठी होती, टोकाला लोखंडी पट्टी बसवलेली. ती मातीत खुपसायची आणि कुठवर गेली ते बोटानं धरून मला दाखवायची.

“बगा, दीड हात माती. वीतभर पाहिजे. दर साली गळाया लागलं की मानूस नवी माती वरून टाकतो. जुनी काढीत कुनीच न्हाई. हे घर पावसानं न्हाई पडायचं मास्तर, वज्यानं पडंल.”

मी लिहायचो. छतावर वजन जास्त, जुनी माती उतरवून एक वीत नवी टाकणे.

मग ती पन्हाळ बघायची. पाणी बाहेर टाकायला दगडी तोंड असतं ते. अर्ध्या गावाच्या पन्हाळी चिमण्यांच्या काडीकचऱ्यानं तुंबलेल्या होत्या आणि पाणी उलटं भिंतीत उतरत होतं. मग खाली उतरून भिंतीला पाठ लावून उभी राहायची. पोट आलेल्या भिंतीला पाठ टेकत नाही. जोत्याजवळ पांढरा लोणा, म्हणजे क्षार, फुटलेला असला की त्यातलं चिमूटभर जिभेवर ठेवायची. घुशीची बिळं किती खोल गेलीत ते पाण्याची घागर ओतून बघायची. काळ्या मातीत रचलेली भिंत तर ती लांबूनच ओळखायची. काळी माती पावसात फुगते, उन्हात फाटते, त्यामुळं असल्या भिंतीला बोटभर रुंदीच्या उभ्या भेगा पडायच्या.

सगळ्यांत जास्त उधई, म्हणजे वाळवी, कुठं सापडली, तर रझाकाराच्या सालात रिकाम्या राहिलेल्या घरांत. त्या वर्षी निम्मी झरी वऱ्हाडच्या हद्दीत निघून गेली होती. लोक आठ-दहा महिन्यांनी परतले, दारं उघडली, झाडलोट केली, दिवा लावला आणि राहू लागले. आत काय झालं ते कुणाला कळलं नाही. कडूबाई म्हणायची, “चुलीचा धूर लाकडाला औषध हाय. एक साल चूल पेटली न्हाई, उधईनं घर धरलं.” आमच्या शेजारच्या राधाकिशनच्या घरी तिनं मधल्या खांबावर काठी वाजवली आणि त्याला जवळ बोलावून पुन्हा वाजवली. डफासारखा पोकळ आवाज आला. सात वर्षं राधाकिशनची लेकरं त्या खांबाखाली झोपत होती.

दिनकरराव पहिले चार-सहा दिवस तिच्या मागं नाइलाजानं फिरले. मग हळूहळू काही लिहायच्या आधी ते तिच्या तोंडाकडे बघू लागले. भांडण झालं ते वीरुपाक्षअप्पांच्या घरावरून.

वीरुपाक्षअप्पा पेठेतले धान्याचे व्यापारी. लिंगायत घर, दारात कायम सारवलेलं, उंबऱ्यावर विभूतीची बोटं. घरात ते, त्यांची बायको चन्नबसम्मा आणि साठी ओलांडलेली आई गंगम्मा. पश्चिमेच्या भिंतीला पोट आलं होतं आणि तिच्यावर टेकलेल्या तुळईचं टोक कुजलं होतं.

“ही भिंत उतरवा,” दिनकरराव म्हणाले. “लिहा मास्तर, धोकादायक.”

“कशापायी?” कडूबाई पुढं झाली. “तुळईचं तोंड बदलू. टेकू देऊ. वरची माती उतरवू. खालचं जोतं दगडाचं हाय साहेब, हाललं न्हाई. पोट वज्यानं आलंय, वजं गेलं की भिंत थांबती.”

“आणि नाही थांबली तर?”

“थांबती. मी जिम्मेदार.”

वीरुपाक्षअप्पांनी एकदा साहेबाकडं पाहिलं, एकदा तिच्याकडं. “कडूबाई म्हनते तसंच करू,” ते म्हणाले. दिनकररावांनी खांदे उडवले आणि मी तक्त्यात ‘मरम्मतीयोग्य’ लिहिलं.

ज्येष्ठात लिंबाजीनं आणि तिनं ते काम केलं. मी जाता-येता बघायचो. तुळईला नव्या सागाचा तुकडा खाचून बसवला, कुजलेला काढला. माळवदावरून अकरा गाड्या माती उतरली. गंगम्मा ओसरीवर बसून सांगायची, हे घर माझ्या सासऱ्यानं वाढवलं, हे दार मी आले तेव्हा नव्हतं. कडूबाई हातातलं काम करत हूं हूं म्हणायची.

भाद्रपदात भिंत पडली.

भर दुपारची वेळ. पाऊस चालू नव्हता, तीन दिवस उघाड होती. मी शाळेत होतो. आधी गाडीभर दगड ओतल्यासारखा आवाज आला आणि मग पेठेच्या बाजूनं धुरळा उठला. पळत गेलो तर पश्चिमेची भिंत आतल्या बाजूला झोपली होती. गंगम्मा तिच्याजवळ मूग निवडत बसली होती. लोकांनी तिला ओढून काढलं. जीव होता, पण उजवी मांडी मोडली होती.

कडूबाई आली तेव्हा माणसं बाजूला झाली. ती त्या ढिगाकडं बघत उभी राहिली. वीरुपाक्षअप्पा शांत माणूस, पण त्या दिवशी त्यांचा तोल गेला. “तुझ्या बोलन्यावर माझी आई बसली होती तिथं,” ते ओरडले. “जिम्मेदार म्हनलीस न्हवं? काय करतीस आता?”

तिच्या तोंडावर मी तसा रंग पुन्हा कधी पाहिला नाही. ती आत गेली, गंगम्माच्या पायाशी बसली आणि हाडवैद्य येईपर्यंत तिनं तो पाय दोन्ही हातांनी जसाच्या तसा धरून ठेवला.

दोन दिवसांनी दिनकरराव परभणीहून आले. मला वाटलं, आता हे बोलून घेणार. त्यांनी टोपी काढली, पडलेल्या जागेभोवती फिरले आणि हलक्या आवाजात विचारलं, “कडूबाई, का पडली?”

“मालूम न्हाई, साहेब.”

“तुळई?”

“तुळई साबूत हाय. बगा की, माळवद तसंच टेकूवर उभं हाय. भिंत खालून गेली. जोत्यातून. जोतं का गेलं ते मला समजना. मला खांदू द्या.”

तिनं तो ढीग एकटीनं उपसला. लिंबाजी मदतीला आला तर त्याला दुसरीकडं कामाला लावलं. तिसऱ्या दिवशी जोत्याचे दगड लागले, ते मधे खचून वाटीसारखे झाले होते. दगड काढले तर खाली एक मोठी फरशी, एका बाजूनं फुटलेली. फरशीखाली अंधार.

ते पेव होतं. जमिनीत रांजणासारखं खोदलेलं, ज्वारी साठवायचं पेव. आमच्याकडं पूर्वी अंगणाअंगणात असायची. वर्षानुवर्षं पन्हाळीचं पाणी भिंतीतून झिरपत खाली गेलं होतं आणि आतली माती थोडी थोडी ढासळत होती. वर भिंत उभी आहे याचा त्या पोकळीला पत्ता नव्हता आणि खाली पोकळी आहे याचा भिंतीला.

कडूबाई हात न धुताच आत गेली. मी तिच्या मागं होतो. गंगम्मा खाटेवर पडलेली, पाय बांबूच्या कामट्यांनी बांधलेला.

“गंगम्मा, तितं पेव होतं व्हय?”

गंगम्मानं छताकडं बघत जरा आठवलं. “होतं की. तितं आधी आंगन होतं ना. सासूबाई म्हनायच्या, दुष्काळात आंगनातल्या पेवानं आपल्याला तारलं. मग मामंजींनी घर पुढं वाढवलं. पेव बुजवलं का न्हाई, मला कुठलं ठावं? मी नवी नवरी.”

“मंग सांगितलं का न्हाई?”

“कुनी इचारलं?”

कडूबाई खाली बसली. म्हणाली, “खरं हाय. मी भिंतीला इचारलं, तुळईला इचारलं. तुमी इथं बसून बोलत व्हतात आन तुमालाच इचारलं न्हाई.” आणि मग ती रडली. गंगम्मानं हात लांब करून तिच्या डोक्यावर ठेवला. विटाळ-चांडाळ मानणाऱ्या त्या घरात तो हात कसा गेला याचं चन्नबसम्मानंही नवल केलं नाही.

पुढचे अडीच महिने कडूबाई रोज सकाळी त्या घरी जायची. गंगम्माला कुशीवर वळवायची, पाठ पुसायची, एरंडाच्या पानांनी शेकायची. कुणी तिला तसं सांगितलं नव्हतं. दुपारी ती आणि लिंबाजी पेव भरायचे. खाली मोठे दगड, वर मुरूम, प्रत्येक थराला पाणी मारून धुमसणं. त्यावर नवं जोतं आणि नवी भिंत. वीरुपाक्षअप्पा पहिले पंधरा दिवस तिच्याशी बोलले नाहीत. मग एक दिवस त्यांनी स्वतः पाण्याची घागर आणून तिच्याजवळ ठेवली.

दिवाळी झाल्यावर ती शाळेत आली. “मास्तर, तुमच्या तक्त्यात पेवाचा रकाना हाय का?”

“नाही.”

“मंग पुन्हा फिरावं लागतंय.”

मी दिनकररावांना पत्र टाकलं. ते आठवड्यात आले. तक्त्याच्या उजव्या कडेला जागा होती, तिथं मी लाल पेन्सिलीनं रेघ मारली आणि वर ‘पेव’ लिहिलं. दिनकररावांनी ते पाहिलं आणि म्हणाले, “गवंड्याच्या नावाखाली यांचंही नाव घाला.” कडूबाईला वाचता येत नव्हतं. लिंबाजीलाही नाही. पण मी वाचून दाखवलं तेव्हा लिंबाजीच जास्त खूश झाला.

हे फिरणं पहिल्यापेक्षा अवघड होतं. पेवाचं नाव काढलं की माणसं दगड व्हायची. “आमच्यात पेव कधी नव्हतंच.” कारण सोपं होतं. निजामाच्या शेवटच्या वर्षांत लेव्हीचं धान्य वसूल करायला माणसं यायची, घरं धुंडाळायची, आणि ज्यांनी चार पोती वाचवली ती पेवात लपवून वाचवली. सरकार बदललं तरी ती धास्ती अंगातून गेली नव्हती. कागद-पेन्सिल घेतलेला माणूस पेव विचारतोय म्हटल्यावर कोण सांगणार?

वच्छलाबाई म्हणून एक म्हातारी होती. तिनं आम्हाला ओसरीवरच अडवलं. दिनकररावांनी समजावलं, मी समजावलं. ती मान हलवत राहिली. मग कडूबाई आम्हाला म्हणाली, “तुमी दोघं लिंबाखाली जाऊन बसा.”

आम्ही गेलो. तिथून ओसरीवरचं ऐकू येत होतं.

“वच्छलाबाई, वीरुपाक्षअप्पाच्या आईचा पाय कुनी मोडला, ठावं हाय?”

“भिंतीनं.”

“भिंतीनं न्हाई. मी. मी म्हनलं भिंत थांबती. खाली पेव होतं, मी इचारलं न्हाई. ती आता काठी घेऊन चालती. उद्या तुमचा नातू तुमच्या भिंतीखाली बसल. मला सरकारचं काय बी देनं घेनं न्हाई. मला पुन्हा कुनाचा पाय धरून बसायचं न्हाई.”

मग वच्छलाबाई उठली आणि गोठ्याकडे गेली. गव्हाणीला लागून घराची मागची भिंत होती. तिनं पायानं जागा दाखवली.

तेव्हापासून तीच रीत पडली. आम्ही बाहेर थांबायचो, ती आत जाऊन घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईला शोधायची आणि आधी स्वतःची चूक सांगायची. प्रत्येक घरी. चौदा घरांखाली पेवं निघाली. तोंड उघडून दोन दिवस तसंच ठेवायचं, कारण आत कोंडलेली वाफ असते, माणूस घाईनं उतरला तर जिवंत वर येत नाही. एका पेवात काळी पडलेली ज्वारी होती, वास असा की गल्ली ओस पडली. आधी जिथं लोक कुणी बघत नाही ना म्हणून पेव झाकायचे, तिथं आता शेजारी शेजाऱ्याला मुरूम आणून देत होते. छप्पन्नच्या पावसाळ्यात झरीत दोनच घरं पडली, आणि ती दोन्ही रिकामी होती.

कचेरीत त्या तक्त्याचं पुढं काय झालं, मला माहीत नाही. पुढच्या साली छापून आलेल्या नव्या कोऱ्या तक्त्यात पेवाचा रकाना नव्हता. दिनकररावांची बदली झाली. आमचा जिल्हा हैदराबादेतून मुंबई राज्यात गेला, आणि सत्तावन्नमध्ये मला जिंतूर तालुक्यात बोरीला पाठवलं.

बोरीला मी घर बांधायला काढलं ते एकोणसाठ साली. कडूबाईला निरोप धाडला, खरं तर भीतभीतच, कारण ती आता थकली असणार. ती मोटारीनं आली. माझ्या बायकोनं पिठलं-भाकरी केली होती, ती जेवली आणि मग बांधकामाच्या जागेवर आली. मी माळवद घालणार नाही, पत्रे टाकणार, हे तिला सांगताना मला अपराध्यासारखं झालं.

“टाका की,” ती म्हणाली. “पत्र्याला माती लागत न्हाई, पन्हाळ लागत न्हाई. पर उन्हाळ्यात भाजून निघाल.” मग हसली. “आन माझं काम बी सरलं. पत्र्याला काय इचारायचं?”

पण पायाचा चर तिला पटला नाही. गवंड्यानं कंबरभर खोदला होता आणि खाली काळी माती तशीच होती. तिनं त्याला वर काढलं. दोन दिवस ती माझ्या अंगणात खाटेवर बसून राहिली आणि माणसं खोदत राहिली. मुरूम लागला तेव्हा चर छातीच्या वर गेला होता. साठीकडे झुकलेली बाई शिडी लावून खाली उतरली, मुरुमावर मांडी घालून बसली आणि वर हात करून म्हणाली, “वैनी, च्या इथंच द्या. लय गार हाय.” माझ्या बायकोनं वाकून पेला खाली दिला. तिथं बसून तिनं सावकाश चहा प्याला. तिला एवढं निवांत बसलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

साठ सालच्या मार्गशीर्षात ती वारली. मला उशिरा कळलं. झरीला गेलो तेव्हा लिंबाजी एका घरावर पत्रे ठोकत होता. खाली उतरला, हात पुसले, माझ्याजवळ बसला. म्हणाला, चार दिवस ताप होता, गंगम्मा उशाशी होती, फार त्रास झाला नाही.

समोरच्या माळवदावर कुणीतरी ज्वारी वाळत घातली होती आणि एक पोरगी पाखरं हाकत होती.

“मास्तर,” लिंबाजी म्हणाला, “वैनी होत्या तवर मला वाटायचं, गवंड्याचं काम लय सोपं हाय.”